प्रलयाची वाट आणि कोठाराची किल्ली

एक

२०२१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. महाविद्यालय बंद होते. वर्ग मोबाईलवर आणि परीक्षेचे फॉर्मही मोबाईलवर. शेणव्याच्या परिसरातल्या वाड्यापाड्यांत जिथे उंचवट्यावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, तिथल्या मुलांचे फॉर्म भरून घेण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे होते. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी राहिला होता. कातकरी वाडीतला. आईबाप दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जाणारे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा भट्टीवरून पोरेबाळे घेऊन ते पायी वाडीवर परतले होते. त्या दिवसांत मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या माणसांची रांग कसाऱ्याच्या घाटाकडे चाललेली आपण सर्वांनी पाहिली आहे. त्याच रस्त्याला लागून आमचा शहापूर तालुका आहे.

मी त्या मुलाला घरी बोलावून घेतले. फॉर्म का भरला नाहीस, असे विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "बाबा म्हणतात, हे शेवटचे दिवस आहेत, सर. येशू येणार आहे. मग परीक्षा कोणासाठी द्यायची?" मग त्याने मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. लस टोचून घेणे म्हणजे बायबलातल्या प्रकटीकरणातली पशूची खूण अंगावर घेणे, असे त्यात कोणीतरी मोठ्या खात्रीने सांगत होते.

मी हसलो.

तो काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून उठला आणि त्यानंतर महिनाभर आला नाही. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या आजोबांच्या बोलण्याला, त्यांच्या देवाला, त्यांच्या भीतीला जे हसत होते त्यांचे हसणे मी ओळखतो. तेच हसणे माझ्या तोंडी आले होते. पदवीबरोबर माणूस आणखी काय काय शिकतो याचा हा दाखला आहे.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की त्याचा बाप दोन वर्षांपासून प्रार्थनेला जातो आणि तेव्हापासून त्याची दारू सुटली आहे. ज्या माणसाच्या मजुरीचा हिशेब भट्टीमालकाच्या वहीत कधी संपत नाही, त्याला कोणीतरी सांगितले होते, की वरती आणखी एक वही आहे, तीत तुझेही नाव आहे आणि एक दिवस मालकालाही जाब द्यावा लागणार आहे. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हे. तिचा इतिहास पाहिला पाहिजे. त्या मुलाला जे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवे होते, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

दोन

पहिली गोष्ट ही, की जग बुडण्याची भीती काही एकट्या ख्रिस्ती माणसाची मिरास नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली होती. आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार, तेव्हा ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत जग बुडणार, अशी भाकिते ज्योतिषांनी केली. देशभर यज्ञ झाले, तूप जळाले, मंत्र म्हटले गेले. शिकलेली माणसे प्रवास टाळून घरी बसली.

माझी आजी तेव्हा पंचविशीत होती. ती सांगायची, की गावातल्या मोठ्या घरांत जप बसले होते आणि आमच्या वाड्यातली माणसे विचारीत होती, आता काय करायचे? कोणी कोंबडी कापून खाल्ली, उद्यासाठी ठेवायची कशाला म्हणून. माझा पणजोबा मात्र नेहमीप्रमाणे लाकडे फोडायला गेला. आजी म्हणायची, "जग बुडायचं त्यांचं. त्यांच्या घरात बुडण्यासारखं हाय. आपलं त दर आषाढात बुडतं न् आपुनच त्येला वर काढतो."

अष्टग्रही आली आणि गेली. काही झाले नाही. पण त्याच्या आधीच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटून पुणे वाहून गेले होते. ते कोणत्याही पंचांगात नव्हते. अष्टग्रहीनंतर आठ महिन्यांनी चीनचे सैन्य सरहद्द ओलांडून आले, तेही कोणत्या कुंडलीत सापडले नव्हते. म्हणजे ज्या प्रलयासाठी तूप जाळले तो आला नाही आणि जो आला त्यासाठी कोणी बांध तपासला नव्हता. भाकितावर विसंबणाऱ्यांची ही नेहमीची गत आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी-प्रचारकाच्या अनुयायांनी बायबलातील आकड्यांचा हिशेब करून २२ ऑक्टोबर १८४४ ही येशूच्या येण्याची तारीख धरली होती. कित्येकांनी उभी पिके शेतात तशीच ठेवली. तारीख उलटली आणि ती माणसे रडत बसली. पिकाची कापणी मात्र कोणाच्या रडण्यासाठी थांबत नाही.

तीन

तथापि प्रलयाची वाट पाहणारा प्रत्येक माणूस हात बांधून बसतो, असेही नाही. ज्या ग्रंथातून हा विचार आला तोच ग्रंथ नीट वाचला पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात शेवटाची चिन्हे आहेत: लढाया, दुष्काळ, भूकंप. व्हिडिओ बनवणारे येथेच थांबतात. परंतु पुढचा पंचविसावा अध्याय त्याच बोलण्याचा भाग आहे. त्यात दहा कुमारींची गोष्ट आहे. पाच जणींनी दिव्याबरोबर तेलाचा साठा घेतला होता, पाच जणींनी नव्हता. आणि अध्यायाच्या शेवटी न्यायाचा देखावा आहे. तेथे कोणालाही 'तू तारीख बरोबर ओळखलीस काय' असे विचारलेले नाही. भुकेल्याला जेवू घातलेस काय, तहानेल्याला पाणी दिलेस काय, आजाऱ्याची विचारपूस केलीस काय, एवढेच विचारले आहे.

हा अर्थ मी माझ्या पदरचा काढलेला नाही. आपल्याच मुलखात काही माणसे तो जगून गेली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या पाद्र्यांपैकी गॉर्डन हॉल हा एक. त्या काळातल्या अमेरिकन मिशनऱ्यांप्रमाणे त्याच्याही डोळ्यांसमोर जगावर येणारे ख्रिस्ताचे राज्य होते. साठ कोटी माणसांच्या धर्मांतराचा हिशेब मांडणारी पुस्तिका त्याने सॅम्युएल न्यूएलबरोबर १८१८ मध्ये लिहिली. ती आज वाचताना तिच्यातला अहंकार खुपतो. आम्ही त्या साठ कोटींपैकी एक आकडा होतो. पण १८२६ च्या मार्चमध्ये हा माणूस नाशिकला गेला तेव्हा तेथे पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्याच पटकीने तो मेला. हिशेब साठ कोटींचा होता. कामाला आली ती औषधाची पेटी.

चार

या बाबतीत महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. आपल्या चळवळीत रमाबाईंविषयी फारसे बोलले जात नाही. त्या जन्माने चित्पावन ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेल्या. म्हणून त्या ना इकडच्या ना तिकडच्या. परंतु दुष्काळ म्हणजे काय हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेली ब्राह्मण स्त्री त्या काळात विरळाच.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत हिंडले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हे कुटुंब उपाशी पडले. होते नव्हते ते विकले. दानधर्म केला, उपास केले, देवापुढे बसून राहिले. अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती आणि ब्राह्मण्याच्या अभिमानापोटी ते करायची तयारीही नव्हती. वडील, आई, थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. ही हकीकत रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवली. वर्णव्यवस्था केवळ आपल्यालाच उपाशी मारीत नाही, ती प्रसंगी तिच्या मालकांनाही हात असून लुळे करून मारते, ही गोष्ट त्यांच्या हकीकतीतून दिसते.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले; ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्यापलीकडे दौंडच्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतलेली होती. तेथे 'मुक्ती' उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दुष्काळाने एक गोष्ट केली. उच्चवर्णीयांसाठी काढलेल्या संस्थेचे दार त्याने सर्व जातींच्या मुलींना उघडले. सुधारकांच्या परिषदांना जे जमले नव्हते ते भुकेने केले.

आता रमाबाईंच्या श्रद्धेकडे पाहू. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या. रडणे, कंप, पवित्र आत्म्याचा अग्नी यांची वर्णने सर्वत्र गेली. जगभर त्या सुमारास उठलेल्या अशा चळवळींत प्रभूचे आगमन अगदी जवळ आले आहे, ही धारणा प्रबळ होती. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचा बाप ज्या झाडाची फांदी धरून आहे, त्याचे एक मूळ केडगावला सापडते.

परंतु त्याच केडगावात विहिरी खणल्या जात होत्या. शेती होती, गाईगुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. ज्या हातांनी रात्री प्रार्थना केली ते हात सकाळी खिळे जुळवीत होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. ते १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या सुमारास पुरे झाले आणि १९२४ मध्ये छापून निघाले. जग उद्या संपणार म्हणून ज्यांना काही करायचे नसते, ते दोन हजार अडाणी मुलींना लिहावाचायला शिकवीत बसत नाहीत. प्रभू येईल तेव्हा येईल. दुष्काळ त्याच्या आधी येणार हे रमाबाईंना पक्के ठाऊक होते, कारण तो त्यांच्या घरी येऊन गेला होता.

त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते. तुझा बाप ज्याची वाट पाहतो त्याची वाट पाहणाऱ्या एका बाईने विहिरी खणल्या.

पाच

येथेच थांबलो तर हा लेख भाविक होईल. खरा प्रश्न पुढेच आहे. तयारी केली, धान्य साठवले, विहीर खणली. पण कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?

बायबलात प्रलयाच्या पूर्वतयारीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट योसेफाची आहे. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ, हे त्याने मिसरच्या राजाला आधी सांगितले. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला. दुष्काळात मिसर तगला. रविवारच्या शाळेत गोष्ट एवढीच सांगतात. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय पुढची हकीकत सांगतो. लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला. पैसा संपला तेव्हा गुरे दिली. गुरे संपली तेव्हा जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःला फारोचे दास म्हणून देऊन टाकले. तयारी चोख होती आणि तिच्यातून गुलामगिरी जन्माला आली. पुरोहितांच्या जमिनींना मात्र धक्का लागला नाही, हेही त्या ग्रंथाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

आपल्याकडची गोष्ट दामाजीपंताची. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले. शिक्षा होणार तेव्हा विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला आणि धान्याची किंमत भरून आला. किती कीर्तनांत हे आख्यान रंगले! देवाला संकटाच्या वेळी महाराचे रूप घ्यावेसे वाटले, कारण दूरची वाट तुडवून थैली पोचवण्याचे काम महाराचेच होते. पण विठोबाने महाराचे रूप घेतले म्हणून महाराला विठोबाच्या देवळाची पायरी ओलांडता आली नाही. आख्यानात दामाजी संत झाला, विठोबा दयाळू ठरला आणि महार तसाच चोख्याच्या पायरीशी उभा राहिला. कोठार उघडले गेले ते एका माणसाच्या कृपेने. कृपा संपली की दार बंद.

इंग्रज सरकारचेही कोठार असेच होते. १८७६-७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक रत्तल धान्य आणि एक आणा, असा दर ठरवला. मुंबई इलाख्यात मजुरांनी हा दर नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी, १८७७ च्या एप्रिलात, सावित्रीबाई फुले जुन्नरजवळच्या ओतूरला होत्या. मुरबाडहून माळशेजचा घाट चढून गेले की ओतूर लागते. आमच्यापासून ते दूर नाही. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुष्काळाची दैना आणि सावकारांची कुटिलता दोन्ही लिहिली आहेत. सत्यशोधकांनी अन्नछत्रे चालवली. त्यांनी देवाच्या येण्याची तारीख काढली नाही आणि सरकारच्या दयेची वाटही पाहिली नाही. पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.

त्या दुष्काळांत अहमदनगर जिल्ह्यातले (आताचे अहिल्यानगर) अनेक महार-मांग ख्रिस्ती झाले. भाकरीसाठी बाटले, असे त्यांना हिणवले गेले. हिणवणारांच्या कणग्या भरलेल्या होत्या. ज्याने गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याने दुसऱ्याच्या ओंजळीतून पाणी पिणाऱ्याला नावे ठेवावीत, यासारखा निर्लज्जपणा नाही. पण हेही म्हटले पाहिजे, की भाकरीबरोबर श्रद्धा येते तेव्हा घेणाऱ्याला दोन्हींची तुलना करायला सवड नसते. मिशनची किल्ली सावकाराच्या किल्लीपेक्षा दयाळू होती. ती आपल्या हातात मात्र नव्हती.

सहा

३१ मे १९३६ रोजी मुंबईत महार परिषदेपुढे बाबासाहेबांनी जे भाषण केले त्याचे नाव 'मुक्ती कोन पथे?' केडगावच्या संस्थेचे नाव 'मुक्ती' आणि बाबासाहेबांचा प्रश्नही मुक्तीचाच. परंतु बाबासाहेबांनी त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. कोणी येईल आणि सोडवील, हे उत्तर त्यांनी घेतले नाही. वीस वर्षांनी त्यांनी जो धम्म दिला त्यातला बुद्ध स्वतःला मार्गदाता म्हणतो, मोक्षदाता म्हणत नाही. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हक्काने ओंजळीत घेतले होते. आपत्तीच्या तयारीचा याहून मोठा धडा मला माहीत नाही. दुष्काळात जो पाण्यावाचून मरतो तो बहुधा दुष्काळाच्या आधीच पाण्यापासून दूर ठेवलेला असतो.

दया हक्कात बदलता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा लाल मिलो आणि सुकडी खाऊन माणसे खडी फोडीत होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांच्या मोर्च्यांतून आणि वि. स. पागे यांनी आखलेल्या योजनेतून रोजगार हमीचा कायदा आला. तो १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला. २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. या कायद्यांची पुढे किती मोडतोड झाली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण टेंपलच्या एक रत्तलापासून येथपर्यंतची वाट कोणा अवताराने चाललेली नाही. ती खडी फोडणाऱ्या बायांनी चाललेली आहे.

आणि तरीही आमच्या तालुक्यात किल्ली अजून परक्याच हातात आहे. तानसा धरण १८९२ मध्ये झाले. पुढे भातसा झाले. मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी त्याच्यातून जाते. त्याच्या कामावर माझे वडील मजूर होते. त्याच शहापुरात उन्हाळा लागला, की पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. प्रकटीकरणातला प्रलय वाचायला माणसे घाबरतात. हा प्रलय दर एप्रिलात येतो आणि त्याचे वेळापत्रकही पंचायत समितीत टांगलेले असते.

महिन्यानंतर मीच त्या मुलाच्या वाडीवर गेलो. हसल्याबद्दल माफी मागितली. बाप ओट्यावर होता. मी त्याच्याशी देव आहे की नाही यावर वाद घातला नाही. दहा कुमारींची गोष्ट मी वाचून आलो होतो; ती त्याला माझ्यापेक्षा चांगली येत होती. तेव्हा मी एवढेच विचारले, "दादा, तेल कोणी भरायचं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने घरातून एक पत्र्याचा डबा आणून दाखवला. प्रार्थनेला येणारी घरे दर आठवड्याला त्यात मूठमूठ तांदूळ टाकीत होती. भट्टीवरून आल्यापासून ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला त्यातून देत होते. डब्याला कुलूप नव्हते.

"हिशेब कोण ठेवतं?" मी विचारले.

"हाच," बाप मुलाकडे बोट दाखवून म्हणाला. "शिकलेला हाय ना."

मुलाने वही काढली. कोणी किती दिले, कोणी किती नेले, सारे त्याने लिहिले होते. नेणाऱ्यांच्या रकान्यात त्याच्या बापाचेही नाव होते. लशीविषयी बापाचे मन मला त्या दिवशी वळवता आले नाही. परीक्षेचा फॉर्म मात्र आम्ही तिघांनी उंचवट्यावर जाऊन विलंब शुल्कासह भरला. वाडीतल्या माणसांनी येशूची वाट पाहावी की पाहू नये, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे. ती वही मात्र मिटता कामा नये.